एकास बाराचा उतार

नाही, पण मी म्हणतो, एकास बारा म्हणजे एकास बाराच ना? एक फूट चढायचं तर बारा फूट लांब रॅम्प, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, आणि तो गवंडी मलाच शिकवतो, "काका, तुमचं जोतं दोन फूट उंच, अंगण एवढंसं... हा रॅम्प घराला वळसा घालून येईल हो!" येऊ दे की! तुझ्या काय पोटात दुखतंय? तुम्हाला सांगतो, जन्मभर कचेरीत फायली तपासल्या मी, नियमात बसत नाही ती परत! आता पुस्तकात आहे म्हटल्यावर माणसाने करायचं काय?

तर झालं असं, की आमची ताई पडली. थोरली बहीण माझी. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. आणि इकडे बायको गेल्यापासून मी एकटा, घराच्या भिंतींनासुद्धा माझा कंटाळा आलेला. म्हटलं, ताई, ये माझ्याकडे राहायला. तर म्हणते, "आणि तुझ्या त्या पायऱ्या कोण चढवणार मला? तू? भाजीची पिशवी उचलताना धापा टाकतोस!" झालं! दुसऱ्याच दिवशी पुस्तक आणलं, अपंगांना सोयीचं घर कसं असावं त्याची मानकं, हे एवढं जाड! रोज वाचायचो. तुम्हाला म्हणून सांगतो, घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच होतं. तेही आपलं 'असावे', 'नसावे', 'अडथळा ठेवू नये'... पण बोलायचं तरी.

गवंड्याला म्हटलं, रेलिंग दोन्ही बाजूंना हवं आणि दोन उंचीवर हवं. तो म्हणतो, "एक तुम्हाला, एक मांजराला का?" शिवाय रॅम्प संपला तरी रेलिंग फूटभर पुढे न्यायचं आणि टोक वळवायचं, कपडे अडकू नयेत म्हणून. त्याने नाही वळवलं. माझ्या सदऱ्याची बाही अडकली, टर्रकन फाटली, आणि मी खूश! बघ, म्हटलं, पुस्तक खोटं बोलत नाही! पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे ओढले, अधू नजरेलाही दिसावेत म्हणून. अख्खी गल्ली थांबून थांबून बघायची. काय चाललंय म्हणून विचारायला मात्र कोणी आत आलं नाही.

मग स्वयंपाकघर! ओटा खाली घ्यायचा आणि ओट्याखाली मोकळं ठेवायचं. सुतार हवालदिल. "काका, मग भांडी कुठे ठेवायची?" म्हटलं, "बाबा रे, तिथे भांडी नाही, गुडघे ठेवायचे!" बिचारा माझ्या गुडघ्यांकडेच बघत राहिला. आणि मी हा असा ताडमाड, नवा ओटा लागतो मांडीला, चहा टाकायचा तर इतकं वाकायचं की वाटावं, पातेल्याची माफी मागतोय! पण पुस्तकात आहे म्हटल्यावर करायचं काय?

राहिली बाहेरची खोली. खुर्ची जागच्या जागी वळली पाहिजे, पाच फुटांचं वर्तुळ मोकळं हवं. घेतली दोरी, घेतला खडू, काढला गोल. सोफा गोलात येतोय? बाहेर! टेबल? बाहेर! बायकोने हौसेने घेतलेल्या वेताच्या खुर्च्या... त्यासुद्धा बाहेर. पुस्तकाने एकच वर्तुळ मागितलं होतं, मी खोलीत मावतील तेवढी काढली. उगाच ताईला कुठे अडायला नको.

आणि आली ताई! सोबत तिची शेजारीण, खुर्ची ढकलायला. ताई तिला म्हणाली, "सोड गं, माझी मी जाते." आणि गेली की एकटी! रॅम्पवर हळूहळू चाकं फिरवत, खिडकीजवळून, कोपऱ्यावरून वळून थेट दारात! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू? आत येऊन तिने चहा केला. पडल्यापासून पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने! मग म्हणते, "अरे, हिला बसायला दे ना." मी इकडे बघतो, तिकडे बघतो... अख्ख्या घरात खुर्ची एकच, आणि तिच्यावर ताई! शेवटी शेजारणीला बादली पालथी घालून दिली.

मी विचारलं, "मग राहतेस ना?"

"झकास केलंयस रे. सगळं हाताशी आहे."

"मग?"

"माझ्याकडे काहीच हाताशी नाही. साखरेचा डबा वरच्या फळीवर. तो काढायला सकाळी ही येते, ती तासभर बसते. उंबऱ्यावरून खुर्ची उतरवायला दुपारी वरच्या मजल्यावरचे मास्तर येतात, ते पत्ते मांडतात. तुझ्याकडे कोण येतं?"

मी मनातल्या मनात पानं चाळली. पुस्तक तोंडपाठ होतं मला. त्यात हे नव्हतं.

म्हटलं, "मी आहे ना!" तर म्हणते, "दिवसभर तुझं असावे-नसावे ऐकू?" लागलं हो जिवाला. तरी म्हटलं, निदान तुझी ती फळी खाली घेऊन देतो. तर अशी कडाडली, "खबरदार फळीला हात लावलास तर!"

गेली. मला ती यायला हवी होती हो, दुसरं काही नको होतं. आता मीच जातो तिच्याकडे. पण तिथे ही गर्दी! सकाळ शेजारणीची, दुपार मास्तरांची... सख्खा भाऊ आहे म्हणून गयावया केली, तेव्हा कुठे मला गुरुवार मिळाला. तोही साखरेच्या डब्याचा नाही. साखर शेजारणीकडेच आहे. मला मीठ दिलंय.