आठ आकडी मेसेज

…नाही नाही, बसा ओ निकेत, मिनल येईल इतक्यात — लिंबं आणायला शांती नगरला पाठवलंय मी तिला. आता इथे आपल्या इंद्रलोक वसाहतीत लिंबं मिळत नाहीत का, तर मिळतात — पण तिची आई म्हणून मला तुम्हाला एकट्याला बघायचं होतं. म्हणजे तुम्हीच ना ते? लोक सकाळी फुलं पाठवतात आणि तुम्ही माझ्या पोरीला आकडा पाठवलात. ७३९३९१३३. ना हाय ना हॅलो. मी म्हटलं, ओटीपी दिसतोय, कुणाला सांगू नकोस हो — तर ही हसायला लागली. आता हसली त्यात काय, असं वाटेल तुम्हाला. तिचे बाबा गेले तेव्हापासून ‘जेवलीस का’ आणि ‘दार लाव’ याच्यापुढे बोलत नव्हती घरात. कॉलेजात गणित शिकवताना म्हणे तोंड थांबत नाही, घरी आली की गप्प. आणि त्या दिवशी मी भेंडी चिरतेय, तर एवढी मोठी बाई ओट्यावर चढून बसली — म्हणे, आई, या आकड्याला कशानेच भाग जात नाही. एक आणि तो आकडा स्वतः सोडून हो, तेवढं मलाही कळतं. म्हटलं, बरं. तर म्हणे, आता शेवटचा तीन काढून टाक, उरलं त्यालाही नाही जात. परत तीन काढ, मग एक काढ, मग नऊ काढ — काढत काढत एकटा सात राहीपर्यंत कशालाच भाग जात नाही. म्हटलं, मग शेवटी अजून एक आकडा चिकटव की. तर नाही, कुठलाही चिकटवला तरी भाग जातो, असा याच्याहून मोठा आकडाच नाही.

मी काय केलं, ती कॉलेजला गेल्यावर सातशे एकोणचाळीसला सातने भागून बघितलं. चार उरले. तेराने बघितलं, अकरा उरले. बरोबर होती पोरगी — पण तिला नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, काय गं, आकडा पुढून काढायचा की मागून? परत तिने पहिल्यापासून सांगितलं, हातवारे करून. महिनाभर मी रोज विसरतेय. हसू नका, चहा सांडेल.

बंगळूरला चाललाय ना तुम्ही? माहितीये मला. लग्नाचं विचारलंत आणि ती ‘बघू’ म्हणाली. का म्हणाली? सात कोटींच्या आकड्याचं पोट फाडून बघता आणि एवढं नाही कळलं? माझ्यामुळे. आई एकटी कशी राहील म्हणून. अहो राहीन मी. खालच्या हंसाबेन रोज येऊन बसतात, मालिका बघताना मी त्यांना मराठी समजावते, त्या मला गुजराती पापड खायला घालतात — चांगलं चाललंय. संध्याकाळी जरा… संध्याकाळी घर मोठं वाटतं. ते राहू दे, ते तिला सांगायचं नाही. तुम्ही एक करा — तिला अधूनमधून असलं काहीतरी शोधून देत जा. म्हणजे ती मला फोन करेल, समजावेल, मी विसरेन. जमेल? मग घेऊन जा तिला. रुमाल ठेवा ओ खिशात, मला नकोय — लिफ्ट थांबली बघा.

आलीस? काही नाही गं, कसल्या गप्पा. हे कुठे तोंड उघडतात. उठा ओ, हात धुवून घ्या, मी पानं घेते.