सत्तावीसपैकी बावीस

बसवकल्याणच्या स्टँडवर मी उमरग्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“प्रयागक्का, ती कॉलेजची पोरगी परत कामून आली होती?”

“तेच प्रश्न इचारायला, तिच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी. मागच्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं? किती दिवस जगू वाटलं न्हाई?”

“मग काय सांगितलीस?”

“पोटची पोरगी वारल्यावर दुसरं काय सांगू, सुलू? रोजच म्हणले.”

“पहिल्या बारीलाबी हेच सांगितली होतीस की.”

“व्हय. तवा सत्तावीसपैकी बावीस मार्क आले होते. ह्या बारीलाबी बावीसच. लई खूश झाली बघ.”

“खूश? कामून?”

“दोन्ही बारीला आकडा सारखाच आला, म्हंजे तिचे प्रश्न भरवशाचे हायेत म्हणं.”

“आन् तुझं काय?”

“मी इचारले, बाई, बावीस म्हंजे लई का? तर म्हणली, लईच हाय, मावशी.”

“मग? दवाखान्याचं काही बोलली?”

“न्हाई. कागदावर अंगठा घेतली.”

“परत येणार हाय का?”

“तेबी इचारले मी. म्हणली, आता गरज न्हाई.”