काचेचं कॅबिनेट

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर कॉम्प्युटरच्या दुकानात दुरैसामी बिघडलेला प्रिंटर पोटाशी धरून रांगेत उभा होता. त्याच्या पुढे नवाकोरा कॉम्प्युटर परत घेऊन आलेले भाऊ-बहीण भांडत होते.

“अण्णा, लग्नाचा व्हिडिओ लावला की नवऱ्याचा हात मंगळसूत्रासकट हवेत अडकतो. भटजीसुद्धा इतका वेळ खात नाहीत!”

“हळू बोल, कयल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! पैसे कमी होते, मान्य. म्हणूनच कानीकपाळी ओरडले, डबा पत्र्याचा चालेल, ग्राफिक्स कार्ड चांगलं घे. आणि तू आणलंस काय? काचेचं कॅबिनेट आणि सात रंगांचे दिवे!”

“स्टुडिओत गिऱ्हाईक आलं की आधी काय बघतं? दिवेच ना?”

“आणि मग व्हिडिओ बघतं. तेव्हा?”

“तेव्हा शिव्या मी खातो! तुझं काय जातं? तू नुसती जोडाजोडी करतेस.”

“जोडाजोडी?”

“नाहीतर काय! बसल्या जागी व्हिडिओचे तुकडे चिकटवायचे.”

तेवढ्यात दुकानदाराने त्यांना पुढे बोलावलं. “बोला. यावर काम कोण करतं?”

“मीच,” भाऊ म्हणाला. “पाटीच आहे आमच्या दारावर, इलंगो स्टुडिओ.”

“मग सांगा सर, एकावर एक किती व्हिडिओ लावता? रंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारता? त्यावरून कार्ड ठरेल.”

इलंगोने बहिणीकडे पाहिलं.

“सर?”

“कयल, अगं सांग ना त्यांना.”

“माझ्याकडे काय बघतोस, अण्णा? पाटीवर कुणाचं नाव आहे, ते बघ.”