रेच्यावरच्या रेघा

माहं माहेर रिठदचं, भाऊ, सासर केनवडचं, आन् नवरा वारला तवा मी माह्या धाकल्या जावेसंगं, गोदीसंगं, कारंज्याले आली ते कापसाच्या रेच्यावर कामाले. रेचा मंजे काय, कापूस चारला का सरकी खाली पडते, रुई पुढं निंगते, एकेका रेच्यावर एक बाई. तवा रुईत फुटकी सरकी येऊन राह्यली होती, मनून गिऱ्हाईक माल वापस करे, आन् मुकादम सारा राग आमच्यावर काढे. काय सांगू तुमाले, त्याच्या तोंडाले हाड नोतं.

मंग एक नवा मिस्तरी आला. घडीघडी ये, दर रेच्यापुढची मूठभर रुई उचले, फुटकी सरकी येचे, आन् जेवढी निंगाली तेवढ्या खडूच्या रेघा त्या रेच्यावरच्या भिंतीवर वढे. कायले वढते ते काई आमाले सांगे ना. मुकादम मने, ज्या बाईच्या रेघा जास्त ती घरी. आन् माह्याच डोक्यावर रेघा वाढून राह्यल्या, बाकीच्याईच्या जेमतेम. मी लय जपून कापूस चारो, तरी तेच. घरी लहान लेकरं, रोजी गेली तं खायाचं काय, मी रडो.

गोदी मने, रडू नोको वं बाई, मी हावो ना. मिस्तरी दिसला का ती माह्या रुईतली फुटकी सरकी येचून फेके, आपल्या ढिगातली चांगली रुई माह्या ढिगावर टाके. मंग साऱ्याच बायाईनं तसं केलं, माया होती तेवढी. रेघा उतरल्या. मिस्तरी रेघा मोजून माह्या रेच्यापुढून तसाच निंगाला, आन् दुसऱ्याच रेच्याचे पेच कसाले गेला. मले वाटलं, सुटली.

सुटली कायची. माह्या रेच्याची सुरी, मंजे आतली लोखंडी पाती, ढिली झाली होती, तीच सरकी फोडून राह्यली होती, पन रेघा कमी मनून कोनी खोलून पाह्यलंच नाई. एका दुपारी ती तुटली आन् माह्या उजव्या हाताची बोटं घेऊन गेली.

मिस्तरी माह्यापाशी भुईवर बसला, मने, बाई, त्या रेघा तुमच्या नोत्या, रेच्याच्या होत्या, कोनता रेचा बिघडला एवढंच मले पाहाचं होतं. मी मनलं, मंग तोंडानं काहून नाई सांगतलं दादा?

आता गोदी कवा कवा मनते, माह्यानं तुही बोटं गेली. भाकर तीच थापते, पयला घास मलेच देते, माही वेनी बी तीच घालते. देव तिचं भलं करो, मनापासून मनतो मी. पन तुही चूक नाई वं, एवढं तिले सांगाले गेली का भाऊ, माह्या तोंडून ते निंगतच नाई.