आमच्या बोळातली धान्यपेढी

माजं नाव गौराबाई, माहेर मंद्रूपचं, लगीन होऊन सोलापुरात आले ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईलाच बसले, आनि तुमी लिवून घेताय तर हे बी लिवा, ही धान्यपेढी आमी बायकांनी उभी केलीया, कुना पुढाऱ्यानं न्हाय. शेजारच्या शमाभाभीनं, तिचा मालक रिक्षा चालवतो, पुढची खोली दिली आनि घरटी परत्येकीनं दळन काढताना वाटीभर ज्वारी बाजूला टाकायची असं ठरलं.

पयल्यांदा एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या यायच्या, हक्कानं पदरात ज्वारी घ्यायच्या. मग गावातले कापडाचे माग बंद पडाय लागले, विणकरांची कामं गेली, आनि एक दिस नरसय्यामामा आले. मामा म्हंजे तेलुगू घरातले जुने विणकर, दर दिवाळीला पेढीला तांदळाचं पोतं धाडनारे. त्या दिशी काखेत घडी केलेली पिशवी, दारासमोरनं गेले, परत आले, परत गेले. मी वळखलं. म्हनलं मामा, आत या की, ज्वारीत खडे लई हायत, माजी नजर पोचंना. बसले, दुपारभर निवडलं. उठताना मी पिशवी भरली तर म्हनले अक्का, मी मागायलाच आलतो. म्हनलं मला ठावं हाय, पन निवडलंयबी तुमीच की. पिशवी काखेत मारली आनि म्हनले उद्याबी येतो. आनि आले की! अजून येत्यात. तवापास्नं आमी कुनाला लायनीत उभं केलं न्हाय, येईल त्यानं कामाला हात लावायचा, मग न्यायचं.

आता लोकांचं मागनं बदललंय बगा. रेशनचा तांदूळ घरात असतोय, पन लेकरं पुन्याला, म्हातारीच्यानं शिजवनं व्हईना. चिंचोळीच्या कारखान्यांत पाळीवर जानाऱ्या पोरींना भाकरी थापायला येळ न्हाय. दाना नको, शिजलेलं द्या म्हनत्यात. मग आमी चूल मांडली, मी भाकरी थापते, भाभी कालवण करती, चिंचेची आमटी मात्र मामांचीच, तितं ते कुनाला हात लावू देत न्हाईत.

परवा नवी पेठेकडनं एक बाई आल्या, कडक इस्तरीचं लुगडं, शाळेत शिकवायच्या म्हनं. म्हनलं बाई, डबा भरू का? त्या म्हनल्या डबा नको हो, घरात सगळं आहे, फक्त एकटीला घास उतरत नाही, इथं बसून जेवू का? मी लगीच पाट मांडला, मामा समोर बसले, भाभीनं वाढलं. आता रोज येत्यात. भाकरीला दुसऱ्यांदा हात पुढं करत्यात ना, तवा मला लई बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. देवानं आमचे हात असेच चालते ठेवावेत, तुमचंबी भलं करावं. लिवायचं ऱ्हाऊ द्या आता, गरम हाय तवर जेवाय बसा.