टोमॅटोच्या वाफ्यातली आंघोळ

तुम्ही टोमॅटो बाजारातून आणता, म्हणून मुद्दाम सांगते. मी पंजाबात शेतकी शिकून आमच्या दुष्काळी माण तालुक्यात घरी परतले, त्या साली पाऊस नव्हता. तरी मी परसात टोमॅटो लावले, आणि आंघोळीचा दगड उचलून वाफ्याच्या कडेला नेला. घरातल्या प्रत्येकानं तिथंच आंघोळ करायची, म्हणजे ते पाणी झाडांना!

माझे वडील, आमचे दादा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते भडकलेच. "मी न्हाई झाडात बसून आंघूळ करायचा! समदी उपटून टाकीन."

"दादा, एकदा फळ तरी बघा."

"ऱ्हाऊ द्या की," आई म्हणाली, "पोरीची हौस हाय."

"हौस न्हाई आई, मी ह्याच्यासाठीच शिकलेय."

दादांनी झाडं उपटली नाहीत, पण आंघोळच सोडली.

मग टोमॅटो लाल झाले. त्याच आठवड्यात सरपंच घरी आले. पाय धुवायला मी दारात तांब्या नेला, तर दादांनी तो माझ्या हातातून घेतला.

"सरपंच, हितं नगं. तिकडं वाफ्यात चला. माझ्या पोरीनं दुष्काळात टोमॅटो पिकवल्यात!"

सरपंच बिचारे वाफ्यात उभे राहिले.

"आन् जरा सरकून धुवा," दादा म्हणाले, "कोपऱ्यातलं झाड अजून कोरडं हाय."