घासलेले नंबर

मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनी टेकूनच बसा, पण झोपू नका. झोपलेल्याला मी नावानं हाक मारतो, हे आडगाव बंदरात सगळ्यांना माहीत आहे! रामेश्वराला हात जोडले, त्याचं नाव घेतलं. आता आजचा प्रश्न.

तांब्यातलं पाणी दुसऱ्याला दिलं की तांब्या रिकामा होतो. डब्यातला लाडू दिला की डबा हलका होतो. खरं ना? पण मला एखादी कला येते, ती मी तुम्हाला शिकवली, तर माझ्याकडची किती कमी झाली? काहीच नाही! मग दिल्यानं जी कमी होत नाही, तीच वस्तू माणूस सगळ्यात आतल्या कुलपात का ठेवतो? शेजारणीनं मीठ मागितलं तर वाटीभर देतो, आणि मसाल्यात काय घालता विचारलं की म्हणतो, काही नाही हो, नेहमीचंच. का? हसताय? हसणाऱ्यांच्या घरचा मसाला मी जेवलोय, मला माहीत आहे.

या प्रश्नासाठी आज मी पुराणात जात नाही. उत्तर इथेच, याच खाडीच्या काठावर घडलंय. ऐका.

दोन हजार सात साल. खाडीवर पूल नव्हता. पलीकडच्या तारकोंडात जायचं तर तरीतून, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीतून. घाटावर उभं राहून हाक मारायची, तांडेल विडी विझवणार, होडी सोडणार, आणि पाऊण तासात तुम्ही पलीकडे. आता पुलावरून मोटारसायकलनं चार मिनिटं लागतात. चार मिनिटांत खाडी दिसते तरी का हो कुणाला? असो.

त्या वेळी आपल्या बाजारपेठेच्या वळणावर विश्राम मेस्त्रींचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. बघा, पांढऱ्या केसांच्या माना हलल्या! दारात पाऊल टाकलं की राळेचा वास. डाख लावताना, म्हणजे तारा कथलानं जोडताना, धूर निघायचा ना, तो. भिंतीवर पोट उघडं पडलेले सेट, आणि मधोमध स्टुलावर मेस्त्री, अंगात बनियन, डोळ्याला भिंग लावलेले. त्यांनी हात लावला आणि सेट बोलला नाही, असं कधी झालं नाही.

पण एक खोड होती. सेटमध्ये नवा भाग बसवला की त्याच्या पाठीवरचा नंबर ते पॉलिशपेपरनं घासून टाकायचे. उद्या सेट दुसऱ्या कारागिराकडे गेला, तर आत काय बसवलंय ते त्याला कळूच नये म्हणून! आणि त्यांना तरी दोष किती द्यायचा? त्यांचे स्वतःचे उस्ताद शेवटचा डाख लावायची वेळ आली की म्हणायचे, जा, चहा सांगून ये. चहा सांगून परत येईतो काम उरकलेलं. चार वर्षं मेस्त्रींनी चहा सांगितला, आणि जे शिकले ते दाराच्या फटीतून बघून शिकले. असं शिकलेला माणूस मूठ सहज उघडेल कशी?

एप्रिलात त्यांच्या दुकानात बांदिवडेकर बाई आल्या. तारकोंडच्या शाळेच्या मास्तरीणबाई. ती शाळा सातवीपर्यंत. आठवीला आडगावच्या हायस्कुलात यायचं, म्हणजे तरीतून. आणि पाऊस लागला की होडी बंद, ती थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. तीन महिने शाळा बुडाली की हजेरी भरत नाही, आणि मुलगी एकदा घरी बसली की बसलीच. मुलगे नातेवाइकांकडे राहायला जायचे. मुलींना कोण पाठवतो? त्या वर्षी सातवी पास झालेल्या सहा मुली होत्या. एकीचं तर दिवाळीनंतर लग्न ठरवायचं चाललं होतं. वय वर्षं तेरा.

बाईंनी एक युक्ती काढली होती. पुण्यातलं एक बंद पडलेलं ऑफिस, तिथले दोन जुने लॅपटॉप त्यांना मिळाले होते. एक हायस्कुलात ठेवायचा, एक तारकोंडात. मधे पाणी. वायर नाही, तर बिनतारी जोडायचं. गुरुजी इकडे शिकवतील, मुली तिकडे बघतील, ऐकतील. हायस्कुलाचे हेडमास्तर भले गृहस्थ. ते म्हणाले होते, होडी बंद व्हायच्या आत मला चालवून दाखवा, मी हजेरी धरतो.

आता अडचण ऐका. लॅपटॉप आले ते कोरे, आत काहीच नाही. बाईंनी त्यात लिनक्स घातलं. काय असतं हे? संगणक चालवणारी मूळ प्रणालीच, पण जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी अशी. त्या काळी पत्ता कळवला की त्याची सीडी टपालानं फुकट घरी यायची! पोस्टमननं बाईंना देण्याआधी पाकीट हलवून बघितलं होतं म्हणे, आत गोल गोल काय आहे म्हणून. सगळं नीट चाललं, पण बिनतारीचं कार्ड मात्र मेलेलं. लिनक्सला त्याच्याशी बोलताच येईना. मधे ड्रायव्हर लागतो. अहो, एसटीचा नव्हे! दोघांमधला दुभाषा म्हणा. आणि त्या कार्डासाठी दुभाषाच नव्हता. दुसऱ्या जातीचं कार्ड बसवून पाहिलं, तर लॅपटॉप सुरूच होईना. त्याला ओळखीचंच कार्ड लागायचं.

"काका, बिनतारी म्हणजे रेडिओच ना?" बाई म्हणाल्या. "मग तो तुमच्या हातचा आहे."

या वाक्यावर मेस्त्री पाघळले. त्या दिवसांत दुकानात येतं कोण होतं? लोकांना मोबाईलवर गाणी मिळू लागली होती. महिनामहिना कुणी सेट आणत नव्हतं. त्यांनी लॅपटॉप पालथा घातला, चार स्क्रू काढले, आणि काड्यापेटीएवढं ते कार्ड भिंगाखाली धरलं. एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे होता, पडदे लावलेला. तिथे बसून बाईंनी चिपवरचा नंबर टाकून जगाला विचारलं, हे कार्ड कुणी चालवलंय का?

तीन दिवसांनी उत्तर आलं. लांब उत्तरेकडच्या देशातून, जिथे एप्रिलातही बर्फ असतो. खाली नाव नाही, नुसती दोन अक्षरं, टी के. तो पावाच्या भट्टीवर कामाला होता. पहाटेची पाळी उरकली की दुपारी हा उद्योग करायचा. त्यानं कळवलं, ही चिप कशी चालते ते तिची कंपनी कुणाला सांगत नाही. कागद मागितले, मिळाले नाहीत. म्हणून आम्ही काही जण बाहेरून ठोकून ठोकून बघतो, आत काय असेल ते ताडतो, आणि कळेल तसा ड्रायव्हर लिहितो. तुमच्या जातीचं कार्ड आमच्यापैकी कुणाकडे नाही. मी सांगेन ते करून, काय दिसलं ते कळवाल का?

मग सुरू झालं. त्यानं पाठवलेला ड्रायव्हर बाई पेनड्राइव्हवर घ्यायच्या, दुकानात आणून लॅपटॉपमध्ये घालायच्या. पडद्यावर ओळीच्या ओळी. मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण ते आकडे वहीत उतरवून घ्यायचे, कालच्याशी ताडून बघायचे आणि नेमकं बोट ठेवायचे, हा बदललाय, हा कळवा. संध्याकाळी बाई पुन्हा कॅफेत. एप्रिल गेला, मे गेला. बाईंनी मला स्वतः सांगितलं, त्या सहा आठवड्यांत मेस्त्री दहा वर्षांनी लहान दिसायला लागले होते. सकाळी दुकान लवकर उघडायचे. दाढी रोजच्या रोज.

एक दिवस त्यांनी बाईंना विचारायला लावलं, की ती कंपनी एवढं लपवते का? तुम्हाला राग नाही येत?

टी के चं उत्तर बाईंनी वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं, राग येत नाही. कुणीतरी मेहनतीनं ते बनवलंय, आणि आपलं चोरीला जाईल म्हणून तो घाबरलाय. पण त्याच्या भीतीपायी कुठेतरी कुणीतरी खोळंबून बसतं, आणि ते त्याला कधीच कळत नाही.

मेस्त्रींनी हातातली डाखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, आज पुरे."

काय झालं होतं? मंडळी, त्याच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट. समोरच्या आळीत बशीर सोलकर रेडिओचंच काम करायचे. ते एकदा स्वतः चालत मेस्त्रींकडे आले होते. हातात एक जुना सेट, आत मेस्त्रींनीच बसवलेला भाग, नंबर घासलेला. भाग जळाला होता. बशीरनी अदबीनं विचारलं, याचा नंबर काय, सांगाल का? मेस्त्री म्हणाले, आता आठवत नाही. वहीत लिहिलेला होता! वही गादीखाली होती! बशीर सेट उचलून परत गेले. चौदा दिवसांनी बशीरचे वडील वारले, तेव्हा मयतीला गेलेल्या मेस्त्रींना कळलं, सेट त्या म्हाताऱ्याचा होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तेवढाच एक आवाज सोबतीला होता. ते शेवटचे दिवस मुके गेले. बशीर कधी बोलले नाहीत, भांडले नाहीत. फक्त त्यानंतर समोरून येताना रस्ता बदलायचे. पुढे त्यांनी दुकान बंद करून रिक्षा घेतली.

अकरा वर्षं मेस्त्री स्वतःला सांगत होते, मला काय माहीत सेट कुणाचा होता? त्या दुपारी ते सांगणं संपलं.

पण काम राहिलं होतं. जूनची तीन तारीख. सातला होडी बंद होणार. टी के चा नवा ड्रायव्हर घातला आणि लिनक्सनं कार्ड ओळखलं! नाव दाखवलं, पत्ता दाखवला. आणि खाली एक ओळ, रेडिओ बंद आहे. चालू करायला गेलं की पुन्हा तेच. टी के नं हात टेकले. त्यानं लिहिलं, माझ्या बाजूनं सगळं बरोबर दिसतंय. जे अडलंय ते तुमच्या हातातल्या यंत्रात आहे, मला इतक्या लांबून दिसत नाही.

इथे सहा हजार मैलांवरचा शहाणा थांबला, आणि आपला बनियनवाला पुढे झाला! मेस्त्रींनी मीटर काढला. कार्डाच्या कडेला पितळी दात असतात, तांदळाच्या कण्यांसारखे, ओळीनं. एकेक दात मोजला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका दातावर काटा हलायला हवा होता तो हलेना. त्यांच्या ध्यानात आलं, लॅपटॉपच्या कडेला रेडिओ बंद करायची एक कळ होती, ती आतून तुटलेली. तीच या एका दातामधून कार्डाला सारखी सांगतेय, गप्प बस, गप्प बस. मेस्त्रींनी चिकटपट्टीची केसाएवढी फीत कापली, चिमट्यानं त्या एका दातावर बसवली. कार्ड जागेवर. लॅपटॉप सुरू.

हिरवा दिवा लागला.

बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. दुसराही लॅपटॉप त्याच जातीचा, तीच कळ तुटलेली, तोही तसाच बरा झाला. मेस्त्रींनी तेलाचे दोन डबे कापून अँटेना केल्या, एक हायस्कुलाच्या माडीवर, एक तारकोंडच्या शाळेच्या कौलावर. सहा तारखेला हेडमास्तर लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर सहा वेण्या, सहा चेहरे, जरा अडखळत, पण समोर! त्यांनी भूमितीची एक व्याख्या विचारली. लग्न ठरत असलेल्या पोरीनं खाडीपलीकडून ती घडाघडा सांगितली. हेडमास्तरांनी हजेरीपुस्तक उघडलं आणि सहा नावं लिहिली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं नसतं. टी के चं पत्र आलं. अभिनंदन केलं होतं, आणि एकच मागणी होती. तो दात कितवा, पट्टी कशी लावली, लिहून पाठवाल का? हे यंत्र घेऊन जगात कितीतरी लोक अडलेत.

बाई मेस्त्रींकडे बघत राहिल्या. मेस्त्रींनी चिकटपट्टीची गुंडाळी हातात फिरवली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी असं काही शोधलं होतं, जे तेव्हा बाकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं, एकट्याचं. मग म्हणाले, "लिहा बाई. विसावा दात. आणि पट्टी कुठली ते पण लिहा, नाहीतर गरम होऊन सुटेल."

त्यांनी अठ्ठावीस वर्षांची ती वही गादीखालून काढली, काखेत मारली आणि रिक्षा स्टँडवर गेले. बशीर रिक्षेत बसले होते. मेस्त्री समोर उभे राहिले.

"बशीर, त्या दिवशी मला आठवत होतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

बशीरनी रिक्षेची चावी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "ठाऊक होतं. तुमचा चेहरा बघितला होता मी." त्यांनी हात पुढे केला, वही घेतली, सीटखाली ठेवली. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. आवाज नसलेले ते चौदा दिवस कुणाला परत आणता येत नाहीत. पण पावसाळा सरल्यावर बशीर सोलकर शनिवारच्या शनिवार तरीतून तारकोंडला जायला लागले, त्या पोरींना डाख लावायला शिकवायला, आणि मेस्त्री त्यांच्या शेजारी बसून वहीतले नंबर मोठ्यानं सांगायचे.

मेस्त्री आता नाहीत. टी के कोण, हे बाईंना आजही माहीत नाही. पूल झाला, लॅपटॉप मोडीत गेले, घासलेले नंबरही भंगारात गेले.

तर मंडळी, मी विचारलं होतं, माणूस का लपवतो? भीतीनं. आपण दिलं की आपली किंमत उरणार नाही या भीतीनं. आणि आपल्या त्या भीतीपायी कुठल्या घरात रेडिओ मुका पडलाय, ते आपल्याला दिसत नाही.

आता तुमच्याकडे येतो. इथे खाडीतली खडकांची वाट जाणणारे तांडेल बसलेत. हाड बसवणाऱ्या आजी आहेत. कुठल्या विहिरीला वैशाखातही पाणी असतं ते माहीत असलेले आहेत, आणि ज्यांच्या मसाल्याचं नाव मी घेतलं नाही त्याही आहेत. आरती अजून लागायची आहे. पेटीवाले, सूर सोडा. तबला थांबू दे. तुम्ही आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट शेजारी बसलेल्याला सांगायची. आत्ता, इथेच, देवाच्या देखत. मी गप्प बसतो.

बोला.